फेल गेलेल्या प्लॉटचीही शिवारफेरी हवी

द्राक्षाचा हंगाम जवळ आला की नाशिक जिल्ह्यात चर्चासत्रं सुरू होतात. निफाड असो, दिंडोरी असो, चांदवड असो की सटाणा, मांडणी ठरलेली असते. एकरी उतारा जास्त काढणारा बागायतदार व्यासपीठावर, दुपारी त्याच्या प्लॉटमध्ये शिवारफेरी आणि संध्याकाळपर्यंत त्याचं फवारणीचं शेड्यूल व्हॉट्सॲपवरून शेकडो मोबाइलमध्ये. त्याच शिवारात त्याच वर्षी ज्याचा प्लॉट फेल गेला, त्याच्या बांधावर कुणी फिरकत नाही आणि तोही कुणाला बोलावत नाही. कारणं उघड आहेत. प्लॉट गेल्याचं बाहेर कळलं की औषध दुकानदार उधारीला हात आखडता घेतो, उरलेला माल व्यापारी पाडून मागतो, आणि पारावर नावं ठेवली जातात ती वेगळीच. झाकली मूठ सव्वा लाखाची, या हिशेबाने माणूस गप्प बसतो.

त्या गप्प बसण्याची किंमत सगळा द्राक्षपट्टा मोजतो आहे. अपयशातून माणूस शिकतो असं आपण मुलांना सांगतो, पण ते आपोआप घडत नाही. काय, कधी, किती आणि कशामुळे बिघडलं हे लिहून ठेवलं आणि चार जाणत्यांनी ते तपासलं, तर अपयश शिकवतं. तसं झालं नाही तरी ते शिकवतंच, फक्त भलतं शिकवतं. म्हणून फेल गेलेल्या प्लॉटची नोंद ही एकट्या बागायतदाराची खासगी बाब राहू नये. गावाने, कृषी विभागाने आणि बागायतदारांच्या संघटनांनी ती दरवर्षी नेमाने करायला हवी.

भलतं कसं शिकलं जातं ते पाहू. ऑक्टोबर छाटणीनंतर साधारण पंधरा-अठरा दिवसांनी फूट पोंग्यातून, म्हणजे काडीवरच्या फुगलेल्या डोळ्यातून, बाहेर पडते, पानं उलगडतात आणि घड दिसायला लागतात. समजा, त्या दिवशी वेलीवर घड नाहीत. जिथं घड हवा तिथं बाळी, म्हणजे आधाराला गुंडाळणारा तंतू, आली आहे, नाही तर बारीकसा गोळी घड. बागायतदार म्हणतो, डोळे फुटावेत म्हणून लावलेली हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट नीट लागली नाही, पोंग्यातली फवारणी हुकली, ढगाळ हवेने घात केला. पण रिकामी दिसणारी ही वेल दोन अगदी वेगळ्या कारणांनी रिकामी असू शकते, आणि वरून बघून ती ओळखू येत नाहीत.

पहिलं कारण म्हणजे डोळ्यात घड नव्हताच. घड ऑक्टोबरात तयार होत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, म्हणजे नवी काडी तयार करण्यासाठीच्या छाटणीनंतर, ढोबळमानाने 40 ते 70 दिवसांच्या काळात काडीच्या डोळ्यात सूक्ष्मघड तयार होतो. त्या दिवसांत डोळ्यावर ऊन पडावं लागतं, फुटींची गर्दी नसावी लागते, नत्र आणि पाणी आवाक्यात असावं लागतं. म्हणूनच सात पानांवर शेंडा खुडून पाच पानांवर सबकेन, म्हणजे बाजूची उपकाडी, काढायची, विरळणी वेळेत करायची, वाढीचा जोर आवरायचा, हा सगळा खटाटोप. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात खरड घेतली तर हा काळ मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत येतो. 2025 साली मोसमी पाऊस मुंबईत 26 मे रोजी पोचला, म्हणजे 11 जून या नेहमीच्या तारखेच्या 16 दिवस आधी, आणि त्याआधीचा मेही राज्यभर पावसाचाच गेला. ऊन हवं तेव्हा आभाळ भरलेलं, पाणी तोडायचं तेव्हा जमीन चिंब, आणि वेल शेंड्याकडे धावते आहे. अशा वर्षी ऑक्टोबरात न दिसलेल्या घडांचा शोध मे-जूनमध्येच घ्यावा लागतो.

दुसरं कारण म्हणजे घड होता, पण जिरला. काडीत अन्नसाठा अपुरा, ओलीमुळे पांढरी मुळी बंद, त्यात ढगाळ हवा आणि फुटीला नको इतका जोर. अशा वेळी पोंग्यातला घड बाळीत जातो. ही चूक ऑक्टोबरातली, किंवा फार तर सप्टेंबरातल्या पाण्याच्या निचऱ्याची.

या दोन्हींचा निवाडा एकच कागद करतो, तो म्हणजे छाटणीआधीच्या सूक्ष्मघड तपासणीचा अहवाल. तपासणी करून घेणारे पुष्कळ आहेत. नीट करणारे थोडे. नमुना प्लॉटच्या चारी कोपऱ्यांतून आणि मधून घ्यायचा. सरळ काडी आणि सबकेन, उन्हातली आणि सावलीतली, जाड आणि मध्यम, अशा सगळ्या प्रकारच्या काड्या त्यात हव्यात. प्रत्येक प्लॉटची जुडी वेगळी बांधून तिला चिठ्ठी लावायची. प्रयोगशाळेत एकेक डोळा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि कितव्या डोळ्यावर घड आहे ते सांगतात, मग त्याच्या पुढे एक डोळा राखून छाटणी घेता येते. चुकतं कुठं? रस्त्याकडेच्या उन्हातल्या ओळीतल्याच चांगल्या काड्या नेल्या जातात. दोन प्लॉटच्या काड्या एका पिशवीत पडतात. अहवाल खिशात राहतो आणि ठेक्याची टोळी सगळी बाग एकाच डोळ्यावर कापून मोकळी होते. छाटणी झाली की तो कागद हरवतो, आणि नंतर तोच एकमेव साक्षीदार होता हे लक्षात येतं. अहवालात घड आहेत आणि वेलीवर नाहीत, तर दोष छाटणीनंतरचा. अहवालातच घड नाहीत, तर दोष उन्हाळ्यातला. कागद नसेल तर खापर पेस्टवर फुटतं. पुढच्या वर्षी तोच माणूस हायड्रोजन सायनामाइडचं लिटरला 30 ते 40 मिलीचं प्रमाण आणखी वाढवतो, काही डोळे भाजून घेतो, आणि मेमधली फुटींची गर्दी मात्र होती तशीच राहते.

डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या बाबतीतही हेच. पानावर तेलकट पिवळा डाग, खाली पांढरी बुरशी, आणि मग घडावर गेली की कूज आणि गळ. निकाल ठरलेला: औषध चाललं नाही. औषध बदला, भारीतलं घ्या. कधीकधी ते खरंही असतं, कारण ब्रँड बदलला तरी आतला घटक त्याच गटातला असतो आणि बुरशी त्याला सरावलेली असते. डब्याच्या लेबलवर सक्रिय घटक छापलेला असतो. तो वहीत उतरवला आणि त्याचा गट विचारून घेतला तर लागोपाठ तीन फवारण्या एकाच गटातल्या झाल्या हे लगेच दिसतं. पण बऱ्याचदा दोष डब्यात नसतो, ट्रॅक्टरमागच्या फवारणीच्या ब्लोअरमध्ये असतो. नऊ फुटी ओळी असतील तर एका एकरात ओळींची लांबी भरते सुमारे 1475 मीटर. ट्रॅक्टर ताशी चार किलोमीटरने चालला तर एकराला 22 मिनिटं लागतात. सगळ्या नोझलमधून मिळून मिनिटाला 14 लिटर पाणी पडत असेल तर एकरी साधारण 300 लिटर जातं, आणि 600 लिटरची टाकी दोन एकराला पुरते. नोझल झिजून तेच पाणी मिनिटाला 17 लिटर झालं, तर टाकी एक एकर 24 गुंठ्यांतच संपते. टाकी संपत आलेली पाहून चालक शेवटच्या ओळींत वेग वाढवतो, तिथं पानाच्या खालच्या बाजूला औषध पोचत नाही, आणि डाऊनी आधी तिथंच दिसते. यावर उपाय खर्चाचा नाही. पंखा बंद ठेवून पंप चालवायचा, प्रत्येक नोझलखाली मापाचं भांडं मिनिटभर धरायचं, आणि नव्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त पाणी देणारं नोझल बदलायचं. डाग आधी कितव्या ओळीत दिसला, एवढी एक नोंद असती तरी औषध कंपनीला शिव्या घालण्याआधी माणूस नोझलकडे वळला असता.

काळ्या जमिनीत आणखी एक गोष्ट घडते. पाऊस उघडल्यावर दोन दिवस ट्रॅक्टर आत जात नाही. फवारणी चुकते, आणि कारण लिहिलं जातं ‘पाऊस’. खरं कारण निचऱ्याची चारी.

नाशिकने अपयशातून खरोखर काही शिकून दाखवलं नाही असं मात्र नाही. ज्या दोन वेळी ते शिकलं, त्या दोन्ही वेळी अपयश उघड्यावर आलं होतं आणि मोजलं गेलं होतं. 2003 साली युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत कीडनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले. झाकण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्यातून अपेडाने, म्हणजे शेतमालाच्या निर्यातीचं काम पाहणाऱ्या केंद्राच्या प्राधिकरणाने, उर्वरित अंशांच्या तपासणीची पद्धत घालून दिली आणि 2006 मध्ये ग्रेपनेट ही निर्यातीच्या द्राक्षांची नोंद ठेवणारी ऑनलाइन प्रणाली आली. प्रत्येक निर्यातक्षम प्लॉटला नोंदणी क्रमांक मिळाला, काढणीआधी प्रयोगशाळेत नमुना जाऊ लागला, आणि पेटीवरून थेट प्लॉटपर्यंत माग काढता येऊ लागला. तरीही 2010 मध्ये पुन्हा माल अडकला. या वेळी सीसीसी, म्हणजे वाढ आवरण्यासाठी वापरतात ते क्लोरमेक्वाट क्लोराइड. युरोपची मर्यादा किलोला 0.05 मिलिग्रॅम, म्हणजे दहा कोटी भागांत पाच. आपल्याकडे ज्या यादीप्रमाणे तपासणी व्हायची त्यात सीसीसी नव्हतंच. म्हणजे सगळे नियम पाळून, तपासणीत पास होऊन माल अडकला. बागायतदारांचं नुकसान फार मोठं झालं आणि त्याची जखम अजून अनेक घरांत आहे. पण कारण एका रसायनाच्या नावापर्यंत आणि एका आकड्यापर्यंत नेमकं पोचल्यामुळे दुरुस्तीही नेमकी झाली. सीसीसी यादीत आलं, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर ते वापरायचं नाही हे गावोगावी पोचलं. ‘निर्यात बेभरवशाची’ एवढंच म्हणून तेव्हा सगळे घरी बसले असते, तर आज ओझर-पिंपळगावच्या पॅकहाऊसांतून कंटेनर निघाले नसते.

हीच शिस्त देशातल्या देशात, गावातल्या प्लॉटला का लागू होत नाही? त्याचं एक उत्तर पंचनाम्यात सापडतं. अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली की तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहाय्यक मिळून पंचनामा करतात. 2015 पासून मदतीसाठी 33 टक्के नुकसानीची अट आहे, त्यामुळे सगळं लक्ष त्या टक्क्यावर. किती गेलं हे लिहिलं जातं. का गेलं, याला रकाना नाही. फळपीक विमाही हवामान केंद्राच्या आकड्यांवर चालतो. तुमच्या प्लॉटमध्ये काय झालं हे त्याला विचारायचं कारणच पडत नाही. मदत मिळालीच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण शासनाची तीन माणसं बांधावर येतात, प्लॉट डोळ्यांनी पाहतात, सही-शिक्का होतो, आणि शिकण्यासारखं काहीही कागदावर येत नाही. हा सरळसरळ अपव्यय आहे. त्याच कागदावर पाच रकाने वाढवले तर पुरे: वाण आणि खुंट (ज्यावर कलम बांधतात ते मूळझाड), छाटणीची तारीख, नुकसान झालं तेव्हा बाग कुठल्या अवस्थेत होती, शेवटची फवारणी कधी आणि कशाची, पाणी किती वेळ साचून राहिलं. मदतीच्या रकमेशी या रकान्यांचा संबंध नाही असं कागदावरच छापावं, नाही तर लोक खरं सांगणार नाहीत.

यावर हमखास येणारा प्रश्न असा की पाऊस सगळ्यांवरच पडतो, त्यात बागायतदाराने शिकायचं काय? तारखांचं गणित करून पाहा. 2009 साली फयान चक्रीवादळ 11 नोव्हेंबरला कोकण किनाऱ्यावर आलं आणि त्याच्या पावसाने नाशिकच्या द्राक्षांना झोडपलं. 1 ऑक्टोबरला छाटलेला प्लॉट त्या दिवशी एकेचाळिसाव्या दिवशी होता, म्हणजे ऐन फुलोऱ्यात किंवा त्याच्या तोंडावर. फुलोऱ्यातल्या घडावर पाऊस म्हणजे गळ आणि कूज ठरलेली. 25 ऑक्टोबरला छाटलेला प्लॉट सतराव्या दिवशी होता, घड नुकते दिसू लागलेले. पाऊस तोच, पण बागेचं दुखणं वेगळं, करायची धावपळ वेगळी. असे प्लॉट तारखांसकट शेजारीशेजारी मांडले असते, तर एकाच आठवड्यात सगळी बाग छाटणं किती धोक्याचं आहे हे आकड्यांनी दिसलं असतं. आज पुष्कळ जण टप्प्याटप्प्याने छाटणी करतात ती अशाच अनुभवांतून आली आहे, पण तोंडोतोंडी, उशिरा, आणि अनेकांनी स्वतंत्रपणे ठेच खाल्ल्यावर. गारपिटीसारख्या काही आपत्तींत मात्र शिकण्यासारखं फारसं नसतं. तिथं प्लास्टिकचं आच्छादन किंवा विमा हेच उत्तर, आणि त्याचा खर्च एकट्याने पेलायचा की शासनाने वाटून घ्यायचा हा धोरणाचा प्रश्न. अशा नुकसानीत बागायतदाराच्या चुका शोधत बसणं हा अन्याय होईल.

आता यशोगाथांकडे येऊ, कारण खरी अडचण तिथं आहे. ज्याचा प्लॉट चांगला आला त्याने सगळंच बरोबर केलं असं आपण धरून चालतो. कदाचित त्याची छाटणी पावसाच्या दोन खेपांच्या मधल्या उघडिपीत बसली असेल, कदाचित त्याची जमीन माळाची असेल. त्याचं शेड्यूल उचलून काळ्या जमिनीत वापरणाऱ्याला हे कोण सांगणार? त्याहून वाईट म्हणजे यंदाचं यश पुढच्या वर्षाच्या अपयशाचं बी असू शकतं. नऊ बाय पाचवर एकरी 968 वेली बसतात. वेलीला 40 घड, घड सरासरी 300 ग्रॅम, म्हणजे एकरी साधारण साडेअकरा टन. कुणी वेलीवर 60 घड ठेवले तर गणित सतरा टनांच्या पुढे जातं. असा प्लॉट शिवारफेरीत डोळ्यात भरतो. पण गोडी उशिरा येते, माल वेलीवर लांबतो, काडीतला आणि मुळांतला साठा संपतो, खरड छाटणीनंतर फूट मागेपुढे निघते आणि पुढच्या ऑक्टोबरात घड जिरतात. दुसऱ्या वर्षी त्या प्लॉटवर फेरी नेली तर हे सगळं पाहायला मिळेल. कुणीही नेत नाही. शिवारफेरी काढणाऱ्या प्रत्येक संस्थेने ज्या प्लॉटला यंदा नेलं त्याच प्लॉटला पुढच्या वर्षीही न्यायचं, एवढा एकच नियम केला तरी चर्चासत्रांचा दर्जा बदलेल.

लाज हा अडथळा खरा आहे, त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. पण लाज मोडते ती संख्येने. द्राक्ष व्यापाऱ्यांनी पैसे बुडवल्याची प्रकरणं वर्षानुवर्षं घराघरांत दाबलेली होती. फसलो हे सांगायचं कसं, म्हणून. 2020 मध्ये नाशिक परिक्षेत्राच्या पोलिसांनी अशा तक्रारी गोळा करायला घेतल्या तेव्हा लोक पुढे आले, आणि फसवणुकीची ठरलेली रीतही दिसली: ओळख-पाळख नसलेला व्यापारी, सुरुवातीच्या खेपांचे पैसे रोख, मग मोठा माल उधारीवर, आणि पोबारा. प्लॉटच्या नोंदींचंही असंच होईल. एकट्याची नोंद लाजिरवाणी वाटते. गावातल्या वीस जणांच्या नोंदींत दिसतो तो नमुना. नोंदीवर नाव नको, गट क्रमांकही नको. वाण, खुंट, जमिनीचा प्रकार, तारखा आणि निरीक्षणं पुरेत.

आणखी एक आक्षेप जास्त गंभीर आहे. अपयशातून शिकायला दुसरा हंगाम हातात असावा लागतो. एकरी लाखांत खर्च, डोक्यावर कर्ज, अशा माणसाला ‘चुकलास तर शीक’ असं सांगणं क्रूरपणाचं आहे. म्हणून शिकण्याची जागा लहान ठेवली पाहिजे. नवं संजीवक, नवं खत, पेस्टचं बदललेलं प्रमाण, जे काही असेल ते सगळ्या बागेवर न करता दोन ओळींवर करायचं, शेजारच्या दोन ओळी नेहमीप्रमाणे ठेवायच्या, आणि चारही ओळींतल्या दहा-दहा वेलींवरचे घड मोजायचे. दोन ओळी गेल्या तर संसार मोडत नाही. आणि ज्याचा सगळा प्लॉट गेला आहे त्याला कर्जाची फेररचना हंगाम संपायच्या आत मिळाली पाहिजे, कारण खरड छाटणी, खत आणि मजुरीचा खर्च एप्रिलमध्येच उभा राहतो. जूनमध्ये मंजूर झालेल्या रकमेने मेमधली काडी सुधारत नाही.

हे सुरू करायला नवी योजना लागत नाही. काढणी आटोपून खरड छाटणी सुरू होण्याआधी, मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा, गावागावात एक सकाळ ठरवावी. एकाच वाणाचे आणि सारख्या जमिनीचे तीन प्लॉट निवडावेत: एक चांगला, एक मध्यम, एक फेल. तिन्हीकडे सूक्ष्मघड तपासणीचा अहवाल, फवारणीची वही आणि छाटणीची तारीख समोर ठेवावी. ड्रिपरखाली फूटभर खड्डा घेऊन पांढरी मुळी आहे की नाही ते पाहावं, काडीची जाडी मोजावी, आणि चारी कुठं तुंबली होती ते चालत जाऊन बघावं. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे किंवा कृषी विज्ञान केंद्राचे तज्ज्ञ त्या सकाळी हजर असावेत, आणि कंपनीच्या प्रतिनिधीला त्या दिवशी बोलावू नये. फेरीचा पहिला थांबा फेल गेलेला प्लॉट असावा. लोक ताजे असतात, ऊन चढलेलं नसतं, आणि ज्याने आपला बांध उघडा केला त्याच्याकडे सगळ्यांचं पूर्ण लक्ष असतं.